वरातीमागून टाळी

मी जे संगीत करतो त्याला बडोद्यात श्रोते फार नाहीत. खरं सांगायचं तर घरातसुद्धा नाहीत. दिवसभर मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी, आणि संध्याकाळी तरसालीच्या घरी हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बैठक. पंख्याची कुरकुर, लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी, जे हाती लागेल ते रेकॉर्ड करायचं, कापायचं, ताणायचं, उलटं फिरवायचं आणि त्यातून काहीतरी उभं करायचं. हे 'काहीतरी' पहिल्यांदा स्पीकरवर लावलं तेव्हा आई बाहेरच्या खोलीतून धावत आली. "आधी मिक्सर बंद कर, खोबरं अडकलंय त्यात," म्हणाली. मिक्सर बंदच होता.

पण मी चिवट माणूस आहे, आणि यंत्रांचा ताल मला मनापासून आवडतो. आमच्या कारखान्यात पत्र्याला आकार देणारा एक मोठा प्रेस आहे. खट्-घम्, खट्-घम्. तो घाई करत नाही, रेंगाळत नाही, कुणावर रुसत नाही. मीटिंगमधून बाहेर पडल्यावर त्याच्याशेजारी जरा उभं राहिलं की जिवाला बरं वाटतं. साहेबांना विचारून मी त्याचा आवाज मोबाइलवर घेतला आणि ठरवलं, यावर गरबा करायचा.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई सांगलीकडची. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिला मंगळागौरीचे सगळे खेळ यायचे, गरबा मात्र ओ की ठो कळत नव्हता. पहिल्याच नवरात्रात समोरच्या मासींनी तिला हाताला धरून गोलात ओढलं आणि आपल्या मागे उभं केलं. "भाभी, मारा हाथ जुओ ने, बस," म्हणाल्या. आईने ते तंतोतंत पाळलं. तेव्हापासून ती दरवर्षी मासींच्या मागे असते, मासींचे हात बघते आणि मग टाळी वाजवते. आधी बघायचं, मग वाजवायचं, त्यामुळे सगळ्यांची टाळी पडून गेली की मागून एक एकटी टाळी येते. गरबा तिला कधीचाच पाठ झालाय, पण बघणं काही सुटत नाही. घरात आम्ही याला वरातीमागून घोडं म्हणतो. तीही हसते, आणि पुढच्या वर्षी घोडं पुन्हा वरातीच्या मागेच.

यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गरब्याला साफ नाही म्हणून सांगितलं. मग नवरात्र जवळ आलं तरी आईने कपाटातून साड्या काढल्या नाहीत. दरवर्षी हा कार्यक्रम महिनाभर आधी सुरू होतो आणि आम्ही सगळे वैतागतो. यंदा वैतागायला काही नव्हतं, ते मला बघवेना.

"आई, तू खुर्चीवर बस. तुझी टाळी मी गोलात फिरवतो," मी म्हटलं.

"म्हणजे काय करणार?"

"रेकॉर्ड करणार. सोसायटीत माझा गरबा लावू. त्यात तू असशील."

तिने संशयाने बघितलं. "खोबरं अडकल्यासारखं नाही ना होणार?"

एका रविवारी दुपारी मासींच्या हॉलमध्ये सोसायटीतल्या काही बायका जमल्या. मी माइक लावला. आई खुर्चीवर, तिच्या पुढे पाठ करून मासी, बाकीच्या आजूबाजूला. फाफडा-चटणी झाली, एकमेकींची उणीदुणी झाली आणि मधूनमधून टाळ्याही झाल्या.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाची एक सोय असते. माणसाने वाजवलेलं मागेपुढे झालं असेल, तर ती प्रत्येक ठोका उचलून बरोबर जागेवर नेऊन बसवते. मी सवयीने ते बटण दाबलं. प्रेसचा घम् आणि सगळ्या टाळ्या एकदम पडल्या. माझ्या तर अंगावर काटा आला. आईच्या कानांना हेडफोन लावले. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"छान आहे रे," ती म्हणाली. "पण यात मी कुठंय?"

"आहेस की. सगळ्यांबरोबर आहेस."

"सगळ्यांबरोबर मी कधी होते?"

मी समजावलं की आता तू अगदी वेळेवर वाजवतेयस, कॉम्प्युटरने जागेवर आणलंय तुला. तिने हेडफोन काढून माझ्या हातात ठेवले. "ही जी कोण वेळेवर वाजवणारी बाई आहे ना, तिलाच ने गरब्याला." आणि मेथी निवडायला निघून गेली.

मला राग आला. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हटलं. आईबद्दल असं मनातसुद्धा म्हणू नये, पण म्हटलं. मग तिला खोटं पाडायला म्हणून पुन्हा ऐकत बसलो, आणि ती खरोखरच सापडेना. आई नाही, मासी नाहीत, कुणीच नाही. आठ हातांची एकच कुणी बाई टाळ्या वाजवत होती. नवरात्र असलं तरी हे बरं नव्हतं.

क्वांटाइझ काढून टाकलं. टाळ्या आपापल्या जागी गेल्या, जरा पुढे, जरा मागे. आणि सगळ्यांच्या शेवटी, घम् विरून जाता जाता, आई. प्रेस तिच्यासाठी थांबत नव्हता आणि ती त्याच्यामागे धावत नव्हती. इतकी वर्षं मी हेच रेकॉर्डिंगमधून निपटून काढत आलो होतो. मला फार वाईट वाटलं, आणि तितकाच आनंदही झाला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला मुख्य गरब्याआधीची वेळ दिली. "लोको आवे त्यां सुधी वगाडो ने," म्हणाले, म्हणजे लोक येईपर्यंत वाजव. खट्-घम् सुरू झालं तसा एकजण जनरेटर बघायला धावला. मग टाळ्या आल्या आणि मासींनी पदर खोचला. त्यांच्यामागे दोघीतिघी, मग आणखी काही. आई खुर्चीवर नवरात्रातली साडी नेसून बसली होती. ती कपाटातून कधी काढली, मला कळलं नव्हतं.

अर्धा गोल झाला असेल, तोच मासी थबकल्या आणि गर्रकन मागे वळल्या. "अरे, आ तो भाभीनी ताळी!"

मागे आई नव्हती, सोसायटीत नवीन आलेली एक सून होती. मासींनी तिला खांद्याला धरून आपल्या पुढे घेतलं. आपल्या मागे एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली आणि पुन्हा चालायला लागल्या. ती रिकामी जागा गोलाबरोबर फिरत राहिली. आईच्या खुर्चीसमोरून जाताना मासी हात जरा उंच धरायच्या, तिला नीट दिसावेत म्हणून.

मला रडू आलं. कॉम्प्युटरच्या पडद्याआड तोंड लपवून मी आईकडे बघितलं. तिची नजर मासींच्या हातांवर होती. आता लांबून बघायचं, त्यातून चष्मा, तेव्हा वेळ लागत असणार. सगळ्यांची टाळी पडली. त्यामागून स्पीकरमधली आईची टाळी पडली. आणि तिच्याही मागून, खुर्चीवरून, आईची.