वीणा खाली ठेवायची नसते

मी जातीविरुद्ध पत्रकं लिहिते. बसस्टँडवर वाटते, लोक त्यात भजी गुंडाळतात. पोटासाठी लातुरात एका वाद्यांच्या दुकानात काम करते. तंबोऱ्याला, सतारीला, वीणेला तारा चढवायच्या, खुंट्या बसवायच्या, जवारी काढायची. ज्या घोडीवरून तारा जातात तिची पाठ कानशीनं हळूहळू घासायची, म्हणजे छेडलेली तार लांबपर्यंत घुमत राहते. ही जवारी. उगीच कुणी जास्त घासली की घोडी कामातून गेली.

दुकानाचे उस्ताद गुडघ्यांनी अधू झालेत. त्या दिवशी फोन ठेवला आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"शिरूर अनंतपाळच्या पलीकडं हरिनामाचा सप्ता चालू हाय. वीणेचा आवाज बसला म्हणतेत. तू जा बेटा."

"वीणा इकडं आणायला काय धाड भरली?"

"सप्ता उठेपर्यंत ती खाली ठेवत न्हाईत. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. भुईला टेकली की सप्ता मोडला. आपणच जायाचं. आणि ती तुझी पत्रकं हितंच ठेव. आडनाव विचारलं तर दुकानाचं नाव सांग."

"का म्हणून?"

"काम करून वापस यायचंय म्हणून."

पत्रकं काढून ठेवली. आडनावाचं मात्र मी काही कबूल केलं नाही. आमच्या घरी सप्ता नाही की वीणा नाही. आजोबांच्या वेळेपासून आम्ही बुद्धाचे. ती वीणा गळ्यात घालायची मला तिळभर हौस नव्हती. पण हात माझे लागणार असतील तर ते कुणाचे आहेत हे लपवायचं नाही, एवढं मी एसटीतच ठरवलं होतं.

मांडव पत्र्याचा, दुपारची वेळ. टाळ चालू. मध्ये एक म्हातारे बाबा वीणा गळ्यात घालून उभे. सप्त्यात सगळे एकमेकांना माउली म्हणतात, मलाही म्हणाले. "या माउली. पाणी घ्या माउली." तांब्या माझ्या हातात दिला. मी घटाघटा प्याले.

वीणा बघितली आणि डोकं तडकलं. तुटलेल्या तारेच्या जागी कुणीतरी मोटारसायकलच्या क्लच वायरचा एक पदर सोडवून चढवला होता. त्या वायरीनं घोडीत खाच पाडलेली.

"हा पराक्रम कुणाचा?"

"गॅरेजवाल्या पोराचा," बाबा म्हणाले. "गाडी लई चांगली दुरुस्त करतंय ते."

"मग ब्रेक पण लावून द्यायचा होता."

बाबा हसले, तशी वीणा हलली. "हलू नका बाबा. आणि जरा माझ्याकडं द्या, मांडीवर घेऊन पटकन करते."

"बाईमाणसाच्या गळ्यात देत न्हाईत, माउली."

"गळ्यात नको, मांडीवर."

"ते बी न्हाई."

म्हणजे माउली म्हणायचं आणि मांडीवर द्यायचं नाही. मी बाबांसमोर गुडघ्यांवर बसले आणि उभ्या माणसाच्या गळ्यातली वीणा दुरुस्त करायला घेतली. वायर कापली. घोडीची खाच जाईपर्यंत कानस फिरवली. भुकटी बाबांच्या धोतरावर पडत होती. बाबांचा श्वास चढला की वीणेचा भोपळा पुढं यायचा आणि माझा हात चुकू पाहायचा. ते तोंडानं नाम घेत होते, मी तोंडात नवी तार धरली होती. तार चढवून घोडीवर तिच्याखाली सुताचा धागा सरकवत होते, तोवर पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला, आता वीणा गळ्यात घ्यायची पाळी त्याची. धट्टाकट्टा, टोपी कडक, कपाळाला बुक्का. गावातला बऱ्यापैकी बागायतदार असावा. मांडवातले त्याला वाट करून देत होते.

"झालं का माउली? गाव कोणतं तुमचं?"

"मुखेडकडचं."

"अरे, तिकडं आमची सोयरीक हाय! कुणाच्यातल्या म्हणायच्या तुम्ही?"

आडनाव विचारायची ही आमच्याकडची रीत. दुकानाचं नाव ओठांवर आलंही होतं. धागा बसवून मी वर बघितलं आणि आडनाव सांगितलं. पुढं जय भीमही घातला, म्हणजे शंका नको.

जवळचे टाळ आधी थांबले. लांबचे चालूच होते.

"वीणेला हात लावायच्या आधी सांगायचं की, ए पोरी."

एका वाक्यात माउलीची 'ए पोरी' झाली. मी म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर क्लच वायरवरच सप्ता उरकला असता का?"

"तोंड लई चालतंय."

"कानसही चालते."

त्यानं कुणाला तरी खूण केली. गोमूत्राची बाटली आली. "हिच्यावर शिंपडा, मग मी घेतो." मी उठले आणि घोडीवर पंजा आडवा धरला.

"आत्ता घासलीय. धागा भिजला की आवाज मेला. हवं तर माझ्यावर ओता, वीणेवर थेंब पडू देणार नाही."

"हात काढ."

"नाही काढत."

बाबा मध्ये. त्यांच्या गळ्यात वीणा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाटली. त्यांचा पहारा संपून गेला होता. माझा पंजा घोडीवर होता, म्हणून मला आधी कळलं: लाकूड थरथरत होतं. मग गुडघे दिसले.

"घे लेका," बाबा म्हणाले. "पाय ऱ्हाईना माझे."

"शिंपडल्याबिगर न्हाई घेत."

"घे म्हणतो ना!"

मी दोन्ही हात भोपळ्याखाली घातले. सगळ्यांनी बघितलं. बाबांचा डावा गुडघा वाकला. वीणा खाली येऊ लागली, तिचं सगळं वजन माझ्या हातात, आणि तेव्हा त्या बागायतदारानं झडप घातली. माझ्या बोटांसकट त्यानं वीणा धरली, वर ओढली, पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला. बाटलीची त्यालाही आठवण राहिली नाही. घेताना देणाऱ्याच्या पाया पडायची पद्धत आहे. बाबा भुईवर बसलेले होते; तो त्यांच्या पायाशी वाकला, माझ्याकडं न बघता उभा राहिला आणि सवयीनं तार छेडली.

आवाज सुरेख लागला होता. हे मी दुकानाची कारागीर म्हणून सांगते.

टाळ सुरू झाले. बाबांनी बसल्या बसल्या हात जोडले. मला की वीणेला, मी विचारलं नाही. मी हत्यारं गोळा करायला वाकले तोवर कुणीतरी बाटली उचलली आणि मी गुडघे टेकले होते त्या जागेवर शिंपडली. माझ्या हत्यारांच्या उघड्या पिशवीतही उडालं.

"वीणा भुईला टेकू दिली नाही मी," मी मोठ्यानं म्हणाले. "आता भुई धुताय?"

टाळांचा आवाज वाढला.

एसटीत कानस ओढणीनं पुसून काढली. ओली राहिली की गंजते. मी दुकानात पाऊल टाकल्याबरोबर उस्तादांनी विचारलं, "आडनाव?"

"सांगितलं."

त्यांनी तेलाची बाटली माझ्याकडं सरकवली. मी कानशीला तेल लावलं, आणि त्याच बाकावर बसून पुढचं पत्रक लिहायला घेतलं. वर मथळा टाकला: माउली कोण?