पाणी गळतंय, हे आधी कोणी सांगितलं

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीसमोर बसून जेवतात. एरवी मी हे चालू देत नाही, पण शुक्रवारी इथलं एक चॅनल जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका दाखवतं आणि माझ्या नवऱ्याला त्यांचं वेड आहे. त्यातली एक तर घरात सगळ्यांना पाठ झाली आहे. लंडनच्या उपनगरातलं घर, बँकेत साहेब असलेला नवरा, शेजारी काय म्हणतील या काळजीने अर्धी झालेली बायको, आणि त्यांच्याकडे कामाला येणारी उत्तर इंग्लंडची एक बाई. तिच्याच गावाकडचा एक प्लंबरही अधूनमधून येतो. बाई जाडी, बडबडी, डोक्याला रुमाल बांधलेली. प्लंबर कमी बोलणारा, तोंडावर खरं सांगणारा. दोघांचं इंग्रजी अगदी एकसारखं. पण प्लंबर काहीतरी बोलतो तेव्हा लोक हसतात, आणि बाई नुसती दारातून आत आली तरी हसतात. हा फरक माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली, आणि लक्षात आल्यावर ती मालिका मला पूर्वीसारखी बघता आली नाही.

माझ्या मुलीला हे हसू कधीच कळलं नाही. ती सोळा वर्षांची, जन्म इथलाच, अमेरिकेतल्या श्रूजबरीतच वाढलेली. तिच्या कानाला सगळेच ब्रिटिश राजवाड्यातले वाटतात.

“व्हॉट्स सो फनी?” तिने एकदा विचारलं. “शी जस्ट सेड हॅलो.”

“ती उत्तरेकडची आहे ना,” मी म्हणाले. “लंडनवाल्यांले तिकडचं बोलणं गावंढळ वाटते.”

“मग प्लंबर एवढा कूल का?” हेही तिने इंग्रजीतच विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण तोंडात घास होता.

आम्ही दोघं नवरा-बायको अमरावतीचे. इथे आल्यावर मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, मी पुरणपोळ्या नेल्या होत्या. कोणीतरी माझ्या हातातलं ताट घ्यायला आलं, तेव्हा मी सहज म्हणाले, “राहू द्या, मी वाढून राहिली ना.” शेजारच्या बाईंनी ते वाक्य माझ्याच हेलात चारजणींना म्हणून दाखवलं. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, कौतुकच होतं. मग संध्याकाळभर जो तो मला आणखी काहीतरी बोलायला सांगत होता. पोळ्या कशा झाल्या होत्या ते कोणी सांगितलं नाही. वर्षभरात मी बाहेर पुण्यासारखं बोलायला लागले. तसं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

नवरा मात्र पहिल्या दिवशी जसा बोलत होता तसाच आजही बोलतो, आणि मंडळाला तो फार आवडतो. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्याच्याकडे. दिलखुलास माणूस, रांगडा माणूस, आपला वऱ्हाडी माणूस! तेच शब्द, तोच हेल. त्याच्या तोंडी तो मोकळेपणा आणि माझ्या तोंडी अडाणीपणा. शिकलेली मी त्याच्यापेक्षा जास्त आहे, पण डिग्री काही कपाळावर चिकटवून फिरता येत नाही.

घरात मी माझं बोलणं सोडलं नाही. बाहेरून आल्यावर चपला काढाव्या तसं ते पुणेरी बोलणं मी दाराशी काढते. मुलीशी मी पहिल्या दिवसापासून आमच्याच बोलीत बोलले. तिचे बाबा तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, ऑफिसातून आल्यावर तेच तोंडात असायचं. त्यामुळे तिला जे मराठी आलं ते माझ्याकडून आलं. आलं म्हणजे कळायचं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. घरोघरी मातीच्या चुली, म्हणून मी तक्रार करायचं सोडून दिलं होतं.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक करायचं ठरलं. दिग्दर्शन माझ्या मैत्रिणीकडे. ती पुण्याची, कामाला वाघ, आणि स्वभावाने खरंच चांगली. तिने त्याच ब्रिटिश मालिकेच्या एका भागावरून मराठी प्रहसन लिहिलं. लंडनचं झालं पुणे, आणि उत्तरेकडचे झाले नागपूरकडचे. हे ऐकून कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. आणि माझी मुलगी, जी मंडळात आली तर कोपऱ्यात फोन घेऊन बसायची, ती म्हणाली मलाही नाटकात घ्या. मला इतका आनंद झाला की लपवताही येईना.

मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये पहिलं वाचन झालं. मी वर चहा करत होते. खालून मुलीचा आवाज आला, तिने दोन वाक्यं वाचली आणि तेवढ्यात सगळे खळखळून हसले. मग मैत्रिणीचा आवाज आला, “कामवाली हिलाच द्या. हिचं मराठी त्या रोलला तयारच आहे.”

मुलगी धावत जिना चढून आली. “आय गॉट द फनी वन,” म्हणाली. तिला वाटत होतं तिने छान वाचलं म्हणून तिला मिळालं. तिला हे ठाऊकच नव्हतं की मराठी दोन तऱ्हेचं असतं आणि तिचं त्यातलं हसायचं आहे. प्लंबरचं काम तिच्या बाबांना मिळालं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याशी भांडले.

“कायले मनाला लावून घेते?” तो म्हणाला. “मलेपण हसतेतच ना लोकं.”

“तू बोलला की हसतेत,” मी म्हटलं. “तिने तोंड उघडलं की हसून राहिले. काय बोलली ते कोणी ऐकलंच नाही.”

“तिले मजा येऊन राहिली. तू कायले बिघडवते?”

खरंच तिला मजा येत होती. ती स्वयंपाकघरात झाडू घेऊन डायलॉग पाठ करायची, आणि डायलॉग संपला तरी मराठीतच राहायची. “आई, माझा डबा कुठे ठेवला?” एवढं साधं वाक्य, पण मी त्याची किती वर्षं वाट बघत होते. आता मी तिला काय सांगणार? तुझ्या तोंडात मी जी भाषा घातली तिला बाहेर लोक हसतात, असं सांगितलं तर ती तोंड मिटेल. नाही सांगितलं तर भरल्या हॉलमध्ये तिचं हसं होईल, आणि मग मिटेल ती कायमची. मला भीती वाटत होती. मी तिच्या डब्यात रोज आवडीचं देत राहिले.

शेवटच्या तालमीला मी बसले. प्रसंग असा होता. घरी मोठे पाहुणे यायचे आहेत, बाईसाहेब पडद्यांच्या चुण्या नीट करतायत. कामवाली येऊन सांगते, “बाई, छतातून पाणी गळून राहिलं.” बाईसाहेब नाक मुरडतात, साहेब तिच्या बोलण्याची नक्कल करतो, कोणी वर बघत नाही. पुढे प्लंबर येतो, वर बघतो आणि म्हणतो, “साहेब, छतातून पाणी गळून राहिलं.” साहेब त्याच्या पाठीवर थाप मारतो. “याला म्हणतात सरळ माणूस! एका वाक्यात मुद्द्यावर आला.”

मुलगी विंगेत उभी राहून हे बघत होती. तिचा चेहरा बदलला तो मला दिसला.

नवरा ध्वनियंत्रणा बघायला थांबला, आम्ही दोघी निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, “डॅड आणि माझी लाइन सेम आहे.”

“हो.”

“मग माझी जोक का आहे?” आणि मी काही बोलायच्या आत, “आय ॲम द नॉर्दर्न लेडी, राइट?”

मग मी सगळं सांगितलं. पॉटलक, पुरणपोळ्या, सगळं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“मंडळातल्या काकूंशी फोनवर तू वेगळी बोलते,” ती म्हणाली. “आय थॉट दॅट वॉज युअर फोन व्हॉइस.”

“नाही. ते त्यांच्यासारखं बोलणं आहे.”

“अँड यू गेव्ह मी धिस वन.”

“हे माझं आहे म्हणून दिलं,” मी म्हणाले. “दुसरं माझं नव्हतंच.”

घरी आल्यावर मी विचारलं, नाटक सोडायचं का? तिने इंग्रजीत सांगितलं की हो म्हटलंय तर करणार. त्यानंतर कार्यक्रमापर्यंत घरात ती फक्त इंग्रजीत बोलली. डबासुद्धा इंग्रजीतच मागितला. मला रडू यायचं. भांडी घासताना मी ते येऊ द्यायचे.

कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरला होता. ती झाडू घेऊन आत आली आणि लोक हसले. तिने वाक्य म्हटलं, लोक आणखी हसले. इथे खरं तर साहेबाने नक्कल करायची होती. पण ती बाईसाहेबांकडे बघत तशीच उभी राहिली, हसू ओसरेपर्यंत थांबली. मग तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं. या वेळी नाटकी हेल नाही, हात हलवणं नाही. घरी मी जसं म्हणेन तसं, सरळ. “बाई, छतातून पाणी गळून राहिलं.”

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक-दोघांनी चक्क वर बघितलं. बाईसाहेबांचं काम करणारी बाई गोंधळली आणि सरळ पुढच्या वाक्यावर गेली.

मग नवरा प्लंबर होऊन आला. तो विंगेतून हे बघत होता. त्याने छताकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं आणि म्हणाला, “मी काय सांगू साहेब? ती मघापासून तेच तर सांगून राहिली.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. शिट्ट्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर जो तो येऊन त्याचा हात हातात घेत होता. “काय टायमिंग! काय डायलॉग मारला!” तो सांगायचा प्रयत्न करत होता की डायलॉग तिचा होता, पण कोणी ऐकायला थांबत नव्हतं. मुलगी हे लांबून बघत होती. “दे क्लॅप्ड फॉर डॅड,” ती मला म्हणाली. चिडून नाही, नोंद केल्यासारखी. मीही ‘हो’ म्हणाले, कारण तसंच झालं होतं.

आम्ही जेवणाच्या रांगेत उभ्या राहिलो. पुढच्या एक बाई मागे वळल्या. मंडळात नवीन होत्या, मला ओळखत नव्हत्या, पण बापलेकीची जोडी त्यांनी स्टेजवर बघितली होती.

“किती छान बोलतेस गं!” तिला म्हणाल्या, आणि मग मला, “इथे वाढलेली मुलं असं बोलत नाहीत हो. बाबांनी शिकवलं असेल ना? ते अगदी अस्सल वऱ्हाडी दिसतात.”

“नाही,” मी म्हटलं. “मीनं शिकवलं. घरी आम्ही असंच बोलतो.”

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी नाटकातली नक्कल करते आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने पुढचं वाक्य पुणेरीत तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं, आणि त्यांचं हसू संपेपर्यंत थांबले.

“मीनं शिकवलं,” मी पुन्हा म्हटलं. “बाबा तिचे इंग्रजीत बोलतेत तिच्याशी.”

“हो का,” त्या म्हणाल्या, आणि हातातल्या ताटाकडे बघायला लागल्या.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मग ती रांगेतून थोडी बाहेर झुकली, टेबलाच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि मागे-पुढे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, जिलबी संपून राहिली. चाल ना लवकर.”