बाईच्या घरातली दबलेली पट्टी

फोन आला तेव्हा मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. भाचा निलेश एवढंच म्हणाला, "मावशी, माय गेली..." माझी मोठी बहीण, जिला आम्ही बाईच म्हणायचो, दुपारी जरा आडवी झाली ती उठलीच नाही. कामठ्याला तिच्या घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं, आत पाऊल टाकलं की ती स्वयंपाकघरातून विचारेल, "कोन? आली काय माय?" मान न वळवता ती माणूस ओळखायची.

या ओळखीत तिच्या घरातल्या जमिनीचाही वाटा होता. थंडीत फरशीवर उभं राहिलं की तिच्या गुडघ्यांत कळा यायच्या, म्हणून निलेशने समोरच्या खोलीत खाली पातळ फोम अंथरून वर लाकडासारख्या पट्ट्या बसवल्या. गोंदियाहून आलेला मिस्त्री बजावून गेला, "अम्मा, इस पर वजन मत रखना, नीचे का फोम बैठ जाएगा." बाईने मान डोलावली आणि धान निघाल्याबरोबर पोत्यांची थप्पी नेमकी तिथेच लावली. निलेश चिडला तर म्हणाली, "मंग धान का डोक्सावर ठेवू?" आमच्याकडे समोरची खोली पाहुण्यांच्या आधी धानाची असते, हे त्या मिस्त्रीला कोण सांगणार.

फोम बसला तो बसलाच. पोती गेली तरी तिथल्या पट्ट्या पायाखाली खचत राहिल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बाईची दिवसभर ये-जा, तिथली एक पट्टी तर वाजायलाच लागली. मी चिडवायची, "बाई, तुह्या घरी माणसाआधी जमीन बोलते." पण काचबिंदूने नजर गेलेल्या भाऊजींना तीच जमीन सोयीची झाली. पाय जरा खचला की खाट जवळ आली, उंबऱ्याशी टक् वाजलं की बाई आली... ते अनवाणीच फिरायचे. त्यांचं सगळं घर तळपायात होतं.

परवा मी पुन्हा कामठ्याला गेले तर निलेशने टाइल्स बसवायचं ठरवलेलं. खालचा फोम पार संपलाय, बाबा एखाद्या दिवशी अडखळून पडतील, म्हणाला. त्याचंही काही चूक नव्हतं. भाऊजी खाटेवर बसून टाच जमिनीवर घासत राहिले. मला फार वाईट वाटलं. बाई तर गेलीच, आता घरही त्यांच्या पायाखालून जाणार होतं.

दुपारी निलेश टेप धरून मापं घेत होता. भाऊजींचा डोळा लागला होता. खिडकीतून सुस्त ऊन आत आलेलं, बिरसीच्या विमानतळावरचं छोटं विमान लांब कुठेतरी घुरघुरत होतं... बाई मागच्या अंगणात असेल असंच मला वाटत होतं. पाणी प्यायला उठले आणि उंबऱ्याशी ती पट्टी वाजली.

भाऊजी झोपेतच म्हणाले, "चहा ठेवून राहिली काय वं?"

निलेश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.

मी "हो" म्हटलं आणि चहा ठेवला.