आसनाखालची बॅटरी

तिचे पाय लहानपणीच गेले, जीभ मात्र भलतीच चालू राहिली. म्हणून इमारतीतले लोक पाठीमागे तिला ‘करंट’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. तळमजल्यावरच्या खोलीत ती पंखे आणि मिक्सर दुरुस्त करी आणि विजेवरच्या चाकाच्या खुर्चीतून गावभर हिंडे.

एकदा जिन्याखाली चार्जिंगला लावलेली तिची बॅटरी तापून फुगली, थोडा धूर निघाला. आग लागली नाही, पण इमारतीची पाचावर धारण बसली. कमिटीच्या अध्यक्षांनी तिच्या खुर्चीला तिथला प्लग बंद केला. विजेवरच्या स्कूटरींना मात्र चालू ठेवला.

“साधी खुर्ची घे,” दादा म्हणाला. “मी ढकलेन की.”

“तुला ऑफिसातून सुट्टी मिळाली की मी घराबाहेर पडायचं? जमणार नाही.”

जुना चार्जर बॅटरीत नुसती वीज ओतत राही. ती तापलीय का, हे त्याला कळतच नसे. बाजारातला शहाणा चार्जर महाग होता. मग तिनं स्वतःच बनवायला घेतला. नव्या बॅटरीच्या अंगाला मण्याएवढा सेन्सर चिकटवला. तो तापला की त्याचा विजेला होणारा रोध घटे, गारठला की वाढे. एक स्वस्तातली चिप ते सतत मोजी आणि मर्यादा ओलांडली की वीज तोडी.

चाचणीत सेन्सरची वायर सुटली, तरी चार्जर आपला मजेत चालूच.

“वहिनी, बघ या गाढवाला! वायर तुटून रोध अफाट वाढला, तर त्याला वाटतंय, बॅटरी बर्फात ठेवलीय!”

“मग सांग ना त्याला, इथे बर्फ कुठला,” वहिनी हसत म्हणाली.

तिनं नेमकं तेच चिपला शिकवलं: अशक्य थंडी दिसली, तरी बंद.

कमिटीच्या बैठकीत तिनं सगळ्यांदेखत चार्जर लावला. वहिनीनं सेन्सरवर हेअर ड्रायर धरला. लाल दिवा लागला, चार्जिंग थांबलं.

अध्यक्षांनी मान हलवली. “आणि ही वायर उंदरानं कुरतडली तर?”

सेन्सर निवला, चार्जिंग पुन्हा सुरू झालं, तशी ती म्हणाली, “ओढा.”

“काय?”

“वायर ओढा. लाजू नका.”

त्यांनी इकडेतिकडे बघून हिसका दिला. पुन्हा लाल.

“ते ठीक आहे हो, पण लोकांना भीती वाटते.”

“मलाही वाटते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर झोपता, मी त्या बॅटरीवर दिवसभर बसते!”

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. “मग लिहून द्या, आग लागली तर जबाबदारी तुमची.”

“देते. आधी स्कूटरवाल्यांच्या सह्या घ्या. त्यांच्या चार्जरना तर तापमान मोजताच येत नाही.”

दोघे स्कूटरवाले जमिनीकडे बघत बसले. अध्यक्षांनी कागदाची घडी करून खिशात घातली, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

“ढकला,” ती म्हणाली. “मी तोवर चार्ज करतेय.”

तिनं खुर्ची जिन्याखाली नेली आणि प्लग लावला. तो काढायला कुणीही आलं नाही.