पोरीच्या तुरीतल्या नांग्या

मागच्या दिवाळीत पिंपळगाव राजाला काकाच्या वावरात उभी होते आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. कारण समोर सगळं फारच छान दिसत होतं...

मी प्लांट मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट. आई लोकांना सांगते, "पोरगी हैदराबादले पानं कुटते." काही खोटं नाही त्यात. पान कुटायचं, त्यातून डीएनए काढायचा, तपासायचा. अकोल्याला शेतकी शिकले, मग पीएचडी, आणि तेव्हापासून या प्रोजेक्टवरून त्या प्रोजेक्टवर उड्या. कायमची नोकरी अजून नाही.

माझं काम तुरीतल्या मर रोगावर. उभं हिरवं झाड बघता बघता वाळतं. जे मरणार नाही असं वाण आम्ही तयार करतोय, आणि ते पारखायला मला अशी जमीन हवी होती जिथे तूर हमखास मरते. काकाचं रस्त्याकडचं वावर तसंच. "लोकं चांगली जमीन मांगतात अन् तुले हे पायजे?" म्हणून काका पोट धरून हसला होता... पण दिली.

तर दिवाळीत काय दिसलं? तुलनेसाठी लावलेल्या साध्या तुरीच्या ओळी बोडख्या. आणि शेजारी आमच्या नव्या तुरीच्या ओळी गच्च भरलेल्या, एक झाड गेलेलं नाही! प्रोजेक्टच्या सरांना फोटो पाठवले तर ते खूश. हा रिपोर्ट गेला की प्रोजेक्ट वाढणार, म्हणजे माझी नोकरी वाचणार. लॅबमध्ये पेढेसुद्धा आले.

मी माझा पेढा डब्यात परत ठेवला. अहो, थोडी तरी झाडं मरायला हवीत ना! इतकं चांगलं कधी असतं का?

मी वावरातून पानं आणली होती, ती तपासली. बऱ्याच झाडांचा डीएनए आमच्या वाणाशी जुळेना. झालं... आधी संशय केमिकल्सवर. मग मशीनवर. मग लॅबमधल्या रेणुकावर, कारण पानांच्या पाकिटांवर लेबलं तिने लावली होती. तिने माझ्याशी अबोला धरला, आणि तिचं चुकलं नव्हतं. सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच.

मग संशय निघाला गावाकडे. पेरताना कोणी बी बदललं? शेजारच्याने मुद्दाम घोळ केला? रात्रभर डोक्यात हेच. शेवटी गाडी पकडली, नांदुऱ्याला उतरले आणि बसने थेट वावर गाठलं.

काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच बसला होता. मी पोलिसासारखं विचारलं, "काका, खरं सांगा. या ओळीत कोणी काही केलं?"

"कोनी कायले करन? म्याच नांग्या भरल्या ना!"

ओळीत झाड मेलं की जी जागा रिकामी पडते ती नांगी. काकाने घरच्या तुरीची रोपं पिशव्यांत वाढवून ठेवली होती. माझ्या ओळीतलं झाड गेलं की ते उपटायचं आणि तिथे पिशवीतलं लावायचं, पाणी घालायचं; तेही गेलं तर पुन्हा दुसरं. साध्या तुरीच्या ओळींना हात नाही. फक्त माझ्या.

"रस्त्यावरचं वावर हाय व माय. येनारा-जानारा पाह्यते. आपल्या पोरीच्या तुरीले नाव ठेवू देऊ का मी लोकायले?"

रडूच आलं. वर्ष पाण्यात गेलं होतं, आणि राग काढायचा तर कोणावर?

खरं सांगते, परतताना मनात आलं... कोणाला कळणार आहे? फोटो सुंदर आहेत. रेणुका सोडली तर त्या डीएनएबद्दल कोणाला माहीतही नाही. पण उद्या हीच तूर कोणीतरी भरवशाने पेरेल आणि त्याच्या वावरात ती उभी वाळेल. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट थांबवला. मग म्हणाले, अजून एक हंगाम. शेवटचा.

यंदा पेरणीआधी काकाला बजावलं, एकही नांगी भरायची नाही. किती मेली हेच तर मला मोजायचंय. पाहुण्याला उपाशी पाठवायला सांगितल्यासारखं काकाने माझ्याकडे बघितलं. "बरं," एवढंच म्हणाला.

काल त्याचा व्हिडिओ कॉल आला. ओळीतून चालत एकेक रिकामी जागा दाखवत होता. "हे पाय, मेली. हेबी मेली. कशालेच हात लावला नाई." माझ्या ओळींतही नांग्या होत्या, साध्या तुरीपेक्षा कमी दिसत होत्या. पण इतक्यात पेढे नकोत. आधी पानं तपासणार!

"माह्यावर अजून शक हाय काय?" काका हसला. मी म्हटलं, आहेच. मग विचारलं, लोक काय म्हणतात?

"म्हंतात, म्हाताऱ्याच्यानं आता वावर होत नाई. म्हनू दे."

या माणसाने उभ्या आयुष्यात वावराकडे कोणाला बोट दाखवू दिलं नाही. आणि यंदा तो त्याच रस्त्याकडेला ते बोडखं वावर घेऊन, लोकांचं ऐकत, गप्प बसलाय... माझ्या एका शब्दावर. काका, एवढा विश्वास तर माझा माझ्यावरही नाही हो.