आईच्या तळपायांची परीक्षा

चेन्नईजवळ ओरगडमच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. गाडीचे सुटे भाग तपासायचे आणि त्यांतली खोट काढायची, याचा मला पगार मिळतो. जित्याची खोड म्हणतात तशी ती घरीही सुटत नाही. बँकेत जा, देवळात जा, माझे डोळे आधी चुका हुडकतात.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत नापास केलं होतं. राहत्या घराच्या तळमजल्यावर दवाखाना, टोकन नाही, नंबर नाही आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. चेन्नईत बऱ्याच दवाखान्यांत चपला बाहेर काढूनच जातात. पण माझ्या आईसारख्या मधुमेही माणसाला अनवाणी चालायला लावणारा डॉक्टर कसला, असं माझं म्हणणं. आईला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. डॉक्टर देवाच्या जागी, मग त्यांच्यासमोर चपला घालून कसं जायचं?

आई सांगलीहून माझ्याकडे आली ती टाचेच्या जखमेमुळे. चपलेत खडा गेला होता आणि ती दिवसभर त्याच्यावरच चालत राहिली होती. कामाच्या नादात लक्ष गेलं नाही, म्हणाली. जखम याच डॉक्टरांनी बरी केली, हे मला कबूल करावं लागलं. ती भरल्यापासून आईनं एकच धोशा लावला होता, मला घरी सोड. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरेपर्यंत इथे तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी नव्हतं. 'आमा' म्हणजे 'हो', एवढं तमिळ ती भाजीवालीकडून शिकली होती आणि तेवढ्यावर दिवस ढकलत होती. सांगलीत शेजारणी होत्या, पण घरात ती एकटीच राहणार होती. डॉक्टर हो म्हणाले तर सोडते, असं मी तिला सांगितलं.

त्याआधी खात्री करावी म्हणून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सगळं माझ्या मनासारखं होतं, चकचकीत फरशी, वेळेवर हाक, गोड बोलणाऱ्या मुली. पाय बधिर वाटतात का, असं तिथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. मी ते मराठीत विचारलं, आई नाही म्हणाली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिच्या पायांतले मोजे काही कुणी काढायला लावले नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे आम्ही फक्त होकार आणायला गेलो. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि आईचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. आईनं तो झटकन मागे ओढला. एवढ्या मोठ्या माणसानं माझे पाय धरायचे म्हणजे काय, असं म्हणून ती माझ्यावरच करवादली. डॉक्टर थोडं थांबले आणि त्यांनी पुन्हा पाय घेतला. तिला डोळे मिटायला सांगून ते नायलॉनचा एक ताठ दोरा तिच्या तळव्याला टेकवायचे आणि विचारायचे, "तेरियुदा?" म्हणजे कळतंय का.

"आमा," आई म्हणायची.

मग एकदा त्यांनी हात नुसताच वर धरला. दोरा कुठेच टेकला नव्हता.

"तेरियुदा?"

"आमा."

पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या मुलीसारखी ती हसत होती. मला तिचा भयंकर राग आला. घरी जाता यावं म्हणून ती डॉक्टरांना चक्क बनवत होती. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हातानंच मला थांबवलं. आईला डोळे उघडायला लावले आणि मला बजावलं की मी बोलतो ते जसंच्या तसं सांगा, त्यात काटछाट नको.

"अम्मा, पाय बधिर असले तरी मी तुम्हाला अडवणार नाही. रोज तळवे आरशात बघायचे, अनवाणी चालायचं नाही, इथेसुद्धा चपला घालूनच आत यायचं. एवढं पाळलंत तर खुशाल घरी जा. पण तुमच्या पायांना काय कळतं, ते आधी तुम्हाला कळायला हवं."

मी एकही शब्द न गाळता सांगितलं. आईनं पदरानं तोंड पुसलं. मग आता खरं सांगते म्हणाली आणि तिनं आपणहून डोळे मिटले.

या वेळी ते काही विचारणार नव्हते, दोरा लागला की तिनंच सांगायचं होतं. दोरा टाचेला टेकला, मग चवड्याला, मग एकेका बोटाला. आई अगदी मन लावून बसली होती. मला रडू यायला लागलं.

"अगं, सुरू करायला सांग ना त्यांना," डोळे न उघडता ती म्हणाली.

दोरा तेव्हा तिच्या अंगठ्याखाली वाकलेला होता.