चूलबंद आवतन

निवडणुका कोण घेतं याचं पुस्तकातलं उत्तर मलाही पाठ आहे. पण वाटूरपुरतं विचाराल, तर तिथल्या निवडणुका माझे मामेसासरे घेतात, आणि लग्नासारख्या घेतात. बायकोचे हे मामा म्हणजे गावातल्या प्रत्येक मंडपाचा आधारस्तंभ. आचारी ठरवायचा मामांनी, मानपान काढायचा मामांनी, रुसलेला व्याही मनवून आणायचाही मामांनीच. जन्मभर हेच केल्यामुळे चार माणसं एका जागी जमली की ते लग्नच, असा त्यांचा पक्का समज झाला आहे. मतदानाच्या दोन दिवस आधी हे गृहस्थ अक्षता घेऊन दारोदार निघतात. "परवा मतदान हाय. चूलबंद आवतन समजा. घरात एक माणूस ठेवायचं न्हाई, कुलूप घालून यायचं." उमेदवार कोण आहेत याचा त्यांना पत्ता नसतो. कुणी विचारलंच, की मामा, मत द्यायचं कुणाला, तर भडकतात. "लग्नात कोणती भाजी खायाची ते यजमान सांगून राह्यला का कधी? तुम्ही या, तुम्हाला गोड लागंल ते खा!"

मतदानाची मशीन घेऊन कर्मचारी आदल्या दिवशी गावात उतरतात, तेव्हा मामी शाळेच्या दारात ओवाळायला तयार. एकदा मी स्वतः पाहिलं. केंद्राध्यक्षांच्या हातात मशीन, कपाळावर टिळा, डोक्यावर मामांनी चढवलेली टोपी आणि तोंडावर आता आपण निलंबित होणार अशी कळा! बिचारे "अहो, आचारसंहिता, आचारसंहिता" म्हणत होते आणि मामी त्यांच्या तोंडात साखर घालत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन परत जीपमध्ये चढली, तेव्हा मामांनी चक्क डोळ्याला उपरणं लावलं. "साहेब, जपून न्या. लई गुणाची हाय, दिवसभरात एकदा बी अडली न्हाई."

गेल्या ग्रामपंचायतीला मामा स्वतःच उभे राहिले. निशाणी किटली. समोर छत्री घेऊन उभा होता तो मामांच्याच हाताखाली पंगतीत वाढायला शिकलेला पोरगा. प्रचाराला खर्च लागतो, म्हणून वॉर्डातल्या मंडळींनी वर्गणी काढायचं ठरवलं होतं. पण मामांनी पत्रक छापलं, आणि हात सवयीचा, खाली ओळ टाकली, 'कृपया आहेर आणू नये.' झालं! मंडळींनी खिशातून काढलेले पैसे परत खिशात घातले. मामांनी छापलंय म्हणल्यावर ते मोडायचं कसं? ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी तेवढे टॉवेल-टोपी आणले. लाऊडस्पीकरच्या रिक्षावाल्याला भाडं म्हणून तेच मिळालं. तो रोज नवी टोपी घालून रडक्या आवाजात 'किटलीलाच मत द्या' असं ओरडत गावभर फिरे.

मत मागायला मामा सगळीकडे जाऊन आले, पण एका घराला कुलूप होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. आक्का त्याच वॉर्डात दिलेल्या. साऱ्या जिल्ह्याचे रुसवे काढणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पोराच्या लग्नात मानाची साडी आधी धाकट्या बहिणीला दिली होती. तेव्हापासून आक्का त्यांच्याशी बोलत नव्हत्या, आणि मतदान जवळ आलं तशा मुद्दाम जुन्या जालन्यात लेकीकडे जाऊन बसल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी मामा जालन्यात माझ्या दारात हजर. काखेत साडीचा पुडा.

"जावईबापू, गाडी काढा जल्दी. आक्काला न्यायचं हाय."

"मामा, मतदानाच्या दिवशी मतदाराला साडी? आत टाकतील आपल्याला!"

"मतदार न्हाई, थोरली बहीण हाय माझी."

"तुम्ही तुमचं मत देऊन आलात ना?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "घरचं कार्य अन् मी आधी पानावर बसू? पाव्हणे उठल्याबिगर यजमान जेवतो का कधी?"

साडी मी डिकीत टाकून कुलूप लावलं. त्यामुळे मामांना आक्कांपुढे रिकाम्या हातानं जावं लागलं. तांदूळ निवडत बसलेल्या आक्कांनी मान वर केली नाही. गावभर अधिकारवाणीनं बोलणारा हा माणूस उंबऱ्याशीच थबकला. मग खाली बसला आणि म्हणाला, "आक्का, चुकलं माझं. तुझा मान पहिला होता." एवढंच. आक्कांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्या गाडीत येऊन बसल्या. सगळा रस्ता भावाला बोलणी. "किती वाळलास रं! खाऊन राह्यला का न्हाई?"

साडेपाचला केंद्र बंद व्हायचं. आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पोलीस फाटक ओढायलाच लागला होता. मामांनी आक्कांना हात धरून आत घातलं, मागून धापा टाकत आलेल्या एका म्हाताऱ्यालाही घातलं, आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून, हात उंचावून ओरडले, "अजून कोणी राह्यलं का? शेवटची पंगत हाय, कोणी राह्यलं का?" त्यांच्या पाठीमागे फाटक बंद झालं. मी हात हलवून ओरडत होतो, पण मामांना वाटलं मी शाबासकी देतोय.

आक्का बोटाला शाई लावून बाहेर आल्या. मामांनी डिकी उघडायला लावली. "आता वाजून गेले ना जावईबापू? आता गुन्हा न्हाई ना?" तिथंच, रस्त्यात, त्यांनी आक्कांना साडी दिली आणि वाकून नमस्कार केला.

मामा एका मतानं पडले.

निकालाच्या दिवशी ओसरीवर मंडळी जमली आणि जो तो मामांच्या शाई न लागलेल्या बोटाकडे बघून हळहळायला लागला. तेवढ्यात ती साडी नेसलेल्या आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "त्याला कशाला बोलून राह्यले? मी बी छत्रीलाच दिलं. त्यो पोरगा आधीच जालन्याला आल्ता, कुंकू लावून आवतन देऊन गेल्ता. आधी आवतन त्याचं, मंग मान बी त्याचा."

म्हणजे आक्कांना आणलं नसतं आणि सकाळीच स्वतःचं मत टाकलं असतं, तर मामा निवडून आले असते. मला तर ओरडावंसं वाटलं. मामांनी मात्र मान डोलावली. "बराबर हाय. आवतन घेतलं म्हंजी जायलाच पाहिजे."

मंडळी पांगल्यावर मी न राहवून म्हणालो, "मामा, वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. लई वाटतं." त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "पण निवडणूक काय, पाच वर्सांनी परत येती. आक्काचं वय झालं आता."

आतून आक्का ओरडल्या, की या घरात भाजीत मीठ घालायची अजून कुणाला अक्कल आली नाही. ते ऐकून मामा इतक्या लगबगीनं उठले, की आज निवडून आलेला माणूस हा नव्हे, असं सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.